जुनं रिव्हॉल्व्हर, योग्य काडतूस आणि रात्रीचा आवाज



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर रिव्हॉल्व्हरवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी मला दोनदा फोन केला. "सर, विषय तोच ना?" (हशा) विषय तोच आहे. आणि तो मी निवडलेला नाही, माझ्या मुलीनं निवडलाय.

आमचा मळा सातारा जिल्ह्यात. ऊस, थोडी हळद, आता मुलीची रोपवाटिका. गावापासून वस्ती लांब, म्हणून वडिलांनी परवाना काढून एक रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं, पॉइंट थर्टीटू बोअरचं. वडील 1983 साली गेले आणि रीतसर परवाना होऊन ते माझ्याकडे आलं. आता मी शहात्तर वर्षांचा. 2016 च्या शस्त्र नियमांत एक तरतूद आहे. परवानाधारक सत्तरीला पोचला, किंवा त्यानं पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, की ते हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाची पात्रता अर्थातच वेगळी तपासली जाते. मी मुलीला म्हटलं, तू मळ्यावर एकटी असतेस, तुझ्या नावावर करून टाकू. ती म्हणाली, "बाबा, घ्यायचं की नाही ते मी ठरवीन. पण तुम्ही नेहमी आजोबांच्या गोष्टी सांगता, त्या वस्तूबद्दल कधीच सांगत नाही. ती आधी समजावून सांगा."

तर आज जे बोलणार आहे ते मुळात तिच्यासाठी तयार केलेलं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात वडिलोपार्जित हत्यार असेल तर तुमच्याही उपयोगाचं आहे.

हत्यार जुनं आहे म्हणजे काय

आपल्याकडे सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करणं 1980च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद झालं. त्यामुळे घराघरांत जी विलायती रिव्हॉल्व्हरं आहेत ती बहुतेक चाळीस-पन्नास वर्षांच्या पुढची. लोक त्यांना फार जपतात, पण जपतात म्हणजे नुसती ठेवून देतात. ठेवून देणं आणि निगा राखणं यांत फरक आहे. आजीचं पितळी घंगाळ ठेवून दिलं तर काळं पडतं, तेवढंच. रिव्हॉल्व्हर ठेवून दिलं तर ते बाहेरून चांगलं दिसत आतून बिघडतं, आणि बिघडलंय हे ज्या क्षणी कळतं तो क्षण फार वाईट असतो.

मी स्वतः हे केलेलं आहे. वडिलांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्याच चामडी म्यानात घालून, म्यान लोकरीच्या मफलरीत गुंडाळून, कपाटात ठेवलं. मला वाटलं केवढी काळजी घेतली! कमावलेल्या चामड्यात रसायनं असतात आणि चामडं हवेतली ओल धरून ठेवतं. लोकरही तेच करते. दोन पावसाळ्यांनंतर बाहेर काढलं तर चक्राच्या एका बाजूला, चामडं जिथं घट्ट टेकत होतं तिथं, तांबूस गंज. घासून निघाला, पण खाली बारीक खड्डे राहिले. ते आजही आहेत. तेव्हा पहिली गोष्ट: म्यान हे बाळगायला असतं, साठवायला नव्हे.

हातात घेतल्यावर

काहीही करण्याआधी एक क्रम पाळायचा आणि तो कधीही चुकवायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला. बोट चापाच्या बाहेर. मग हत्यार उघडायचं. आमचं रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडणाऱ्या जातीचं आहे. मागची खिट्टी दाबली की नळी खाली झुकते आणि सहाही काडतुसं एकदम वर येतात. सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटानं चाचपायची. काडतुसं त्या खोलीतून बाहेर न्यायची. "मला माहीत आहे रिकामं आहे" या वाक्यानं जितकी माणसं गेली असतील तितकी वैऱ्यानंही मारली नसतील.

आता तपासणी. रिकाम्या हत्यारावर पाच गोष्टी घरी बघता येतात.

पहिली, खिट्टी. हत्यार बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरा आणि हलकेच हलवून बघा. सांध्यात खडखड जाणवली तर खिट्टी किंवा बिजागर झिजलंय. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं हे मर्मस्थान. गोळी सुटताना सगळा दाब याच सांध्यावर येतो.

दुसरी, चक्राची वेळ. घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे पोचेपर्यंत चक्राचं घर नळीसमोर येऊन बसलेलं हवं. हे सहाही घरांसाठी वेगवेगळं बघायचं, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. घर नीट समोर आलं नाही तर गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाचे कपचे बाजूला उडतात. शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात जातात.

तिसरी, घोड्याची पकड. घोडा मागे अडकवून, चापाला अजिबात न शिवता, अंगठ्यानं घोडा पुढे ढकलून बघा, बेताच्या जोरानं. तो सुटून पडला तर ते हत्यार त्या दिवसापासून वापरात नाही. घोडा पडताना अंगठ्याखालीच राहील, एवढी काळजी घ्यायची.

चौथी, फट. चक्राचं तोंड आणि नळीचं तोंड यांत बारीक फट असते, असावीच लागते. मोटर मेकॅनिककडे फीलर गेज असतं, पातळ पत्र्यांचा जुडगा. त्यानं मोजा. साधारण 0.10 ते 0.25 मिलिमीटर ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर गरम वायू आणि कण बाजूनं निसटतात. फट योग्य असली तरी थोडा वायू निघतोच, म्हणून गोळी झाडताना बोटं चक्राच्या पुढे कधीही नकोत.

पाचवी, नळी. हत्यार उघडून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि उजेडात आत बघा. आतले पिळाचे कंगोरे स्वच्छ दिसले पाहिजेत. थोडे बारीक खड्डे असले तर फार बिघडत नाही. पण नळीत कुठे काळसर कडं दिसलं तर तिथं नळी फुगलेली असण्याची शक्यता आहे. पूर्वी कधीतरी आत एक गोळी अडकलेली असताना मागून दुसरी सुटली, त्याची ती खूण.

पाचांपैकी एकही नापास झाली तर घरी कानस घेऊन बसायचं नाही. हत्याराची दुरुस्ती हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचा धंदा आहे. परवानाधारक कारागिराकडेच न्यायचं, पावती घ्यायची. आणि त्याला "चाप हलका करून द्या" असं चुकूनही सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं. कारागिरानं स्प्रिंग कापून चाप लोण्यासारखा करून दिला. मी खूश. पुढच्या सरावात सहापैकी दोन काडतुसं उडेनात, कारण घोडा आता टोपीवर पुरेशा जोरानं आपटतच नव्हता. स्प्रिंग पुन्हा बदलून घ्यावी लागली.

तेल कोणतं

साफसफाई फार अवघड नाही. पितळी तारांचा ब्रश, सुती फलालिनीच्या चिंध्या, आणि पातळ तेल. ब्रश शक्यतो मागून घालायचा, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाची कड झिजत नाही. त्या कडेवरच अचूकपणा अवलंबून असतो. चक्राची सहाही घरं तशीच घासायची. मग कोरडी चिंधी, मग तेलाची, मग पुन्हा कोरडी.

तेलाबद्दल एक सांगतो. आमच्या वडिलांचे एक स्नेही आपल्या रिव्हॉल्व्हरला खोबरेल लावत. (हशा) हसू नका, घरात तेच असायचं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं आणि कालांतरानं चिकट होतं. हिवाळ्यात त्यांचा चाप निम्म्यावर अडकायचा. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं. हत्यारासाठी खास मिळणारं तेल उत्तम. पण कोणतंही तेल थेंबानं, पळीनं नव्हे. जास्तीचं तेल धूळ ओढतं, आणि दुसरं म्हणजे ते काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर काडतूस मरतं. म्हणून भरलेल्या हत्यारावर तेलाचा फवारा कधीच मारू नये.

आणखी एक जुनी गोष्ट. पूर्वीच्या काही काडतुसांच्या टोप्यांमध्ये असं रसायन असे की जळल्यावर मागे क्षार उरत. मिठासारखेच. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून जुने फौजी लोक आधी उकळतं पाणी नळीतून घालत, मग पुसून तेल लावत. तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत खड्डे असतील तर बहुधा कुणीतरी ते पाणी टाळलं.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसायचं. लोखंडी कुलूपबंद पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्याही अधूनमधून बदलायच्या. हाताच्या घामानंही गंज चढतो, म्हणून ठेवताना शेवटचा हात तेलाच्या चिंधीचा.

बत्तीस म्हणजे कोणतं बत्तीस

आता काडतूस. इथं खरा धोका आहे, आणि तो नावात आहे. आम्ही तत्त्वज्ञानवाले नाव आणि वस्तू यांच्या संबंधावर आयुष्य घालवतो, पण मला त्याचं महत्त्व खरं कळलं ते एका दुकानात.

दुकानदारानं मला एक डबी दिली. "सर, बत्तीसच आहे. चालेल." घरी येऊन बघतो तर काडतूस आखूड, गोळीवर तांब्याचा मुलामा. ते बत्तीसच होतं, पण पिस्तुलाचं.

आमच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे पॉइंट थर्टीटू स्मिथ अँड वेसन लाँग. 1896 पासूनचं. त्याचं पितळी नळकांडं सुमारे 23 मिलिमीटर लांब, आत साधी शिशाची गोळी, वजन 98 ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. दुसरं म्हणजे पॉइंट थर्टीटू ऑटो, स्वयंचलित पिस्तुलाचं. नळकांडं सुमारे 17 मिलिमीटर. जाडी जवळजवळ तीच. गोंधळ वाढवायला दोघांनाही 7.65 मिलिमीटर असं म्हणतात. पिस्तुलाचं काडतूस बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात बसतंही. पण त्याचा दाब बराच जास्त असतो, आणि आपलं हत्यार त्या दाबासाठी बनलेलं नाही. बसतं म्हणजे चालतं असं नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतो ना, आवश्यक अट वेगळी आणि पुरेशी अट वेगळी. तेच.

तिसरं एक बत्तीस आहे, स्मिथ अँड वेसनचंच आखूड, 1878चं. ते लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुरक्षितपणे चालतं, फक्त घरात काजळीचं कडं साचतं, ते घासून काढावं लागतं. नाहीतर नंतर लांब काडतूस नीट बसत नाही. चौथं कोल्टचं जुनं बत्तीस, त्याची मापंच वेगळी. ते आपलं नव्हेच.

म्हणून नियम असा. नळीवर किंवा चौकटीवर काय कोरलंय ते वाचा. काडतुसाच्या बुडावर काय कोरलंय ते वाचा. दोन्ही जुळलं पाहिजे. आपल्याकडे मिळणारी काडतुसं बहुतेक सरकारी कारखान्याची. पुण्याजवळ खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथल्या काडतुसाच्या बुडावर केएफ ही अक्षरं असतात. डबीवरची बनावटीची तारीख बघायची आणि ताजी डबी मागायची. परवान्यावर वर्षाला किती घेता येतील आणि एका वेळी किती बाळगता येतील हे लिहिलेलं असतं, तेवढीच.

परदेशी मासिकं वाचून काही मंडळी विचारतात, पोकळ टोकाची गोळी घ्यावी का? माझं उत्तर नाही. पोकळ टोक उमलायला वेग लागतो. बत्तीस लाँगचा वेग मुळात कमी, त्यात आखूड नळी. ते टोक बहुधा उमलतच नाही. तेव्हा जुन्या, स्थिर दृष्टिलक्ष्याच्या रिव्हॉल्व्हरला ज्या वजनाची गोळी गृहीत धरून बनवलंय तीच, म्हणजे साधी 98 ग्रेनची शिशाची गोळी, योग्य. अचूक बसते, झटका कमी, आणि हत्यारावर ताण नाही. म्हाताऱ्या घोड्याला शर्यतीचा खुराक देत नाहीत.

काडतूसही म्हातारं होतं. पितळेवर हिरवा थर, शिशावर पांढरी भुकटी, नळकांड्याला चीर, टोपीला खोक, यांपैकी काही दिसलं की बाजूला काढा. माझी पद्धत अशी होती: दर वर्षी जुनी काडतुसं परवानाधारक सराव मैदानावर झाडून संपवायची आणि घरात नवी ठेवायची. त्यानं सरावही होतो. सरावात नुसता टक आवाज झाला आणि गोळी सुटली नाही, तर लगेच उघडायचं नाही. नळी समोर ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, कारण दारू उशिरा पेटू शकते. आणि आवाज फुसका आला तर तिथंच थांबा, हत्यार रिकामं करा आणि नळीत बघा. गोळी आत अडकलेली असू शकते. मघाशी सांगितलेलं काळं कडं असंच होतं. टाकाऊ काडतुसं कचऱ्यात नाही, विहिरीत नाही, चुलीत तर नाहीच. परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात, लेखी नोंद करून.

भिंतीपलीकडे कोण

घराच्या रक्षणासाठी म्हणता, तर घर कसलं आहे ते बघा. दरवाजा प्लायवूडचा असेल तर ही गोळी तो सहज भेदून पलीकडे जाते. काँक्रीटवर किंवा दगडी जोत्यावर आपटली तर उसळून कुठेही जाते. फ्लॅटमध्ये पलीकडे शेजाऱ्याचं लेकरू झोपलेलं असतं. मळ्यावर पलीकडे गोठा असतो, गड्याची खोली असते. सर्वांत चांगलं काडतूस निवडलं तरी ते भिंतीपलीकडे कोण आहे हे विचारत नाही. तो प्रश्न आपण आधी, दिवसाउजेडी विचारून ठेवायचा.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्यात कलम 34 ते 44 ही स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, पूर्वी दंड संहितेत 96 ते 106 होती. हक्क आहे, चांगला भक्कम आहे. पण कलम 37 म्हणतं, बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि धोक्याची भीती वाजवी असावी लागते. या "वाजवी" शब्दातच सगळं आहे.

दोरी आणि साप

आता जे सांगणार आहे ते मुलीलाही मी अलीकडेच सांगितलं.

1994 सालचा उन्हाळा. मी सुट्टीत मळ्यावर एकटाच. रात्री दोनच्या सुमाराला मागच्या बाजूला पावलं वाजली. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. मी उठलो, पेटी उघडली, रिव्हॉल्व्हर भरलं, मागच्या दाराशी गेलो. बाहेर अंधारात माणूस वाकलेला, हातात काहीतरी लांब. मी घोडा मागे ओढला. घोडा ओढला की बत्तीसचा चाप अगदी थोड्या दाबानं सुटतो.

तो माणूस खोकला. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. आमचाच गडी. रात्री थ्री-फेज लाइट आली म्हणून विहिरीवरची मोटर चालू करायला निघाला होता, आणि पाना घ्यायला घराशी आला होता. शेतकऱ्याच्या घरी रात्री दोन वाजता हे व्हायचंच. मला ते माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं.

मी त्याला हाक मारली नाही. घोडा हळूच खाली घेतला, आत आलो आणि सकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. त्याला हे मी कधीच सांगितलं नाही. तो आता नाही.

रज्जुसर्पाचा दृष्टान्त मी तीस वर्षं वर्गात शिकवला. अंधारात दोरी साप दिसते. उजेड आला की साप जातो, दोरी राहते. शिकवताना मी नेहमी म्हणायचो, भ्रमाचं नुकसान काय, तर फक्त भीती. त्या रात्री कळलं की हे खरं नाही. दोरीला साप समजून काठी मारली तर दोरीचं काही जात नाही. गड्याला चोर समजून चाप ओढला असता तर सकाळच्या उजेडात भ्रम गेला असता, आणि गडीही गेला असता.

म्हणून मुलीला मी क्रम लिहून दिला आहे. आधी दार बंद ठेवायचं. मग बाहेरचे दिवे लावायचे, त्याचं बटण आतून असावं. मग हाक, मोठ्यानं. मग फोन, 112. मग शेजारची वस्ती. हत्यार यांतल्या कशाचीही जागा घेत नाही. हे सगळं करूनही माणूस दार फोडून आत येतोय आणि तो कोण आहे हे तुला दिसतंय, तेव्हाचा प्रश्न वेगळा. त्या रात्री मी यांतलं एकही केलं नव्हतं. हत्यार हातात आल्यावर दिवा लावायचं सुचत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

हाताचीही तपासणी

शेवटचा मुद्दा, आपल्या वयाच्या मंडळींसाठी. रिव्हॉल्व्हरच्या पाच तपासण्या सांगितल्या. माणसाच्याही करायला हव्यात. घोडा न ओढता नुसत्या चापानं झाडायचं तर बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांत पाच-सहा किलोंच्या आसपास ओढ लागते. माझ्या संधिवाताच्या बोटांनी ती आता जमत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी संध्याकाळी पुढचं लक्ष्य धूसर दिसतं. औषधाची गोळी घेतली की नाही हे मला हल्ली लिहून ठेवावं लागतं. आणि ज्या माणसाला आठवत नाही, त्याच्या घरात "मला माहीत आहे रिकामं आहे" हे वाक्य आणखी धोक्याचं होतं. घरात नातवंडं असतील, कुणी खोल निराशेत असेल, तर पेटीची किल्ली कुणाकडे हा प्रश्न सगळ्यांत आधी. अशा वेळी हत्यार दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा ठेवता येतं. त्यात कमीपणा काही नाही. निवडणुकीच्या काळात जमा करतोच की आपण.

आमचं सध्या तसंच जमा आहे. मुलीनं हे सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आधी बाहेरचे दिवे बसवू. दोन चांगली कुत्री पाळू. वर्षभर बघू. मग अर्ज करायचा का ते सांगते." मी म्हटलं, ठीक.

दिवे गेल्या महिन्यात बसले. चार आहेत. बटण तिच्या उशाशी आहे.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.